परदेशी विद्यार्थ्यांना बोलायला माणसे द्या : नाशिकच्या उच्च शिक्षण संस्थांना खुले पत्र

प्रति,
नाशिकमधील विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, महाविद्यालयांचे प्राचार्य आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षांचे प्रमुख

विषय : परदेशी विद्यार्थ्यांसाठी साप्ताहिक संवादगट सुरू करण्याबाबत

स.न.वि.वि.

आपल्या संस्थेत परदेशातून शिकायला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून एक तास स्थानिक विद्यार्थ्यांच्या छोट्या गटात बसून मोकळेपणाने बोलता यावे, अशी व्यवस्था याच सत्रापासून करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी या शहरातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर काही माजी सहकारी व विद्यार्थी यांच्या मदतीने गंगापूर रोड परिसरात असा एक गट चालवते. त्यातून जे दिसले त्याच्या आधारावरच पुढचे लिहीत आहे.

परदेशी विद्यार्थी आला की त्याच्या कागदपत्रांकडे आपण काटेकोरपणे लक्ष देतो आणि ते योग्यच आहे. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची, त्याला राहायला जागा देणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवायची, हे सर्व कार्यालयांना पाठ असते. त्यानंतर एक स्वागताचा कार्यक्रम होतो, गुलाबाचे फूल दिले जाते, परिसराची फेरी होते आणि विद्यार्थी वर्गात जाऊन बसतो. पुढचे काय, याबद्दल आपल्याकडे विचार कमी पडतो. परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांचे स्वागत आणि त्यांना आधार देण्याचे काम पाहणारा स्वतंत्र कक्ष असावा, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटले आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीयीकरणाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. आधार देणे म्हणजे रोजच्या व्यवहारात नेमके काय करायचे, हे मात्र प्रत्येक संस्थेने स्वतःच ठरवायचे आहे, आणि संवादगट हे त्याचे सर्वांत कमी खर्चाचे व सर्वांत उपयोगी रूप आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

परदेशी विद्यार्थी म्हटले की त्याला इंग्रजी येणारच, असे आपण धरून चालतो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात १७० देशांतील ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि त्यांतील सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे होते. नेपाळच्या मुलाला हिंदी बरीचशी समजते आणि नेपाळीची लिपी देवनागरीच असल्याने तो आपल्या दुकानांच्या पाट्याही वाचू शकतो. काँगोतून किंवा आयव्हरी कोस्टमधून आलेल्या मुलाचे सगळे शालेय शिक्षण फ्रेंचमध्ये झालेले असते. त्याच्यासाठी आपली इंग्रजी हीच आधी एक नवी भाषा असते. टांझानियाच्या मुलीने प्राथमिक शाळेत स्वाहिली आणि पुढे इंग्रजी असा प्रवास केलेला असतो. सुदान आणि येमेनच्या विद्यार्थ्यांची भाषा अरबी, तर अफगाणिस्तानच्या विद्यार्थ्यांची दारी किंवा पश्तो. या सगळ्यांना एकाच बाकावर बसवून आपण इंग्रजीत व्याख्यान सुरू करतो, मधले स्पष्टीकरण हिंदीत करतो आणि एखादा महत्त्वाचा खुलासा, सहज ओघात, मराठीत करून मोकळे होतो. वर्ग हसतो, मान डोलावतो, पुढे सरकतो. कोपऱ्यातला एक विद्यार्थी मात्र शेजाऱ्याच्या वहीत डोकावत राहतो.

रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडला. स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून असे पुढे आले की बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण तिच्यात विचार करून उत्तर लिहिण्याइतकी ती यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. आपल्याकडे पदवीच मुळी तीन-चार वर्षांची. वर्गाबाहेर तर वर्गातली भाषाही कामाला येत नाही, कारण रिक्षावाल्याशी, मेसच्या मावशींशी आणि घरमालकाशी बोलायला हिंदी किंवा मराठीच लागते. म्हणून या मुलांना एकाच वेळी दोन आघाड्यांवर मदत हवी असते आणि ती कोणत्याही एका तासिकेत बसवता येत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. व्हिसाच्या कामांमुळे यांतील बरेच जण सत्र सुरू झाल्यानंतर येतात. तोपर्यंत परिचयाचे कार्यक्रम आटोपलेले असतात आणि वर्गातल्या मुलांचे गट जमून गेलेले असतात. मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये परक्या संस्कृतीत गेलेल्या माणसाच्या मनःस्थितीचे टप्पे सांगितले होते : आधी नवलाई, मग घुसमट, मग हळूहळू सावरणे आणि शेवटी रुळणे. सगळ्यांचे असे क्रमाने होतेच असे नाही, पण गणेशोत्सव-नवरात्रात नवलाईने फोटो काढत फिरणारा विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत घुसमटीच्या टप्प्यावर आलेला मी पाहिला आहे. वसतिगृह रिकामे झालेले, मेस बंद, कॉलेज रोडवरची नेहमीची दुकानेही लक्ष्मीपूजनानंतर उघडायला वेळ घेणारी. खोलीत केळी आणि बिस्किटांवर दोन दिवस काढणाऱ्या एका विद्यार्थ्याची हकिगत आमच्या गटात कळली, तीही सुट्टी संपल्यावर, आणि तीही तक्रार म्हणून नव्हे. मेस बंद राहणार असल्याची सूचना फलकावर लागली होती. ती मराठीत होती. त्या मजल्यावरच्या एकाही मुलाशी त्याची दोन वाक्यांपलीकडे ओळख असती, तर तो त्या मुलाच्या घरी निफाडला किंवा येवल्याला जाऊन पोटभर फराळ करून आला असता, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडची माणसे अशा वेळी मागे हटणारी नाहीत, पण त्यांना कळायला तर हवे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या मुलांसमोर बोलायला कोणाला बसवायचे? आपला पहिला विचार शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या, चटपटीत मुलांकडे जातो. माझा आग्रह वेगळा आहे. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, सटाणा येथून मराठी माध्यमात शिकून आलेल्या आणि नाशिकमध्ये खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुला-मुलींना या गटात आणावे. हेही या शहरात नवखे असतात. इंग्रजी बोलायची वेळ आली की यांचाही घसा कोरडा पडतो. कॅम्पस मुलाखतीच्या भीतीने खासगी क्लासला पैसे भरणाऱ्या या मुलांना फुकटात आणि आपुलकीने बोलणारा जोडीदार मिळतो, आणि परदेशी विद्यार्थ्याला हे शहर नव्यानेच शिकलेला, म्हणून त्यातल्या अडचणी अजून आठवणारा वाटाड्या मिळतो. युरोपात भाषा शिकणाऱ्यांच्या जोड्या लावून अर्धा वेळ एकाची आणि अर्धा वेळ दुसऱ्याची भाषा बोलण्याची पद्धत अनेक दशकांपासून चालत आली आहे. तिला टँडेम म्हणतात. आपल्याला तीच थोडी सैल करून वापरता येईल.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगते. एका शनिवारी विषय होता आजारपणाचा. टांझानियाची एक विद्यार्थिनी कित्येक दिवस पोटदुखी अंगावर काढत होती, मेडिकलमधून गोळ्या आणून घेत होती, कारण सरकारी रुग्णालयात गेल्यावर कोणत्या दारातून आत जायचे हेच तिला माहीत नव्हते. पेठ तालुक्यातली एक मुलगी, जी तोपर्यंत गटात फारसे बोलली नव्हती, ती पुढे सरकली आणि वहीत चित्र काढून समजावू लागली : आधी या खिडकीवर केसपेपर काढायचा, त्यावर नंबर असतो, तो घेऊन या खोलीबाहेर बाकावर बसायचे, नाव पुकारले की आत, मग औषधाची खिडकी वेगळी, आणि केसपेपर टाकून द्यायचा नाही, पुढच्या वेळी तोच लागतो. इंग्रजी शब्द अडले तिथे तिने हाताने दाखवले. आईला घेऊन पहिल्यांदा नाशिकला आली तेव्हा ती स्वतः अशीच गोंधळली होती, हे तिने सांगितले, आणि सोमवारी दोघी मिळून रुग्णालयात गेल्या. पुढच्या काही आठवड्यांत टांझानियाची मुलगी पेठच्या मुलीकडून तिची इंग्रजीतली ओळख पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होती, ती अडखळली की थांबत होती, पण तिचे वाक्य स्वतः पुरे करत नव्हती. कोणत्याही माहितीपुस्तिकेत केसपेपरवर इतके स्पष्ट पान मला सापडलेले नाही.

गट कसा चालवायचा, हे सांगणे आवश्यक आहे, कारण चांगल्या हेतूने सुरू झालेले असे उपक्रम बहुधा वर्गासारखे होऊन बंद पडतात. सहा ते आठ जणांहून मोठा गट नको. त्यापुढे दोघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. वार, वेळ आणि जागा ठरलेली असावी, म्हणजे एखादा आठवडा चुकला तरी पुढच्या वेळी कुठे यायचे हे विचारावे लागत नाही. प्रत्येक गटात एक सूत्रधार असावा, आणि त्याचे काम शिकवण्याचे नसून बोलणे सगळ्यांपर्यंत पोहोचवण्याचे असावे. प्रत्येक चुकीवर थांबवून दुरुस्ती केली की समोरचा पुढच्या वेळी छोटी वाक्ये बोलतो आणि त्याच्या पुढच्या वेळी येतच नाही; अर्थ कळत नसेल तेवढ्यापुरतेच थांबवावे. विषय जवळचे असावेत : शेअर रिक्षाचे भाडे, सिटीलिंकच्या बसचे मार्ग, बँकेतील केवायसी, मेसच्या डब्यात तिखट कमी करायला कसे सांगावे, घरमालकाशी अनामत रकमेबद्दल कसे बोलावे. अभ्यासातलेही असावेत. जर्नल म्हणजे काय, ते कोणाकडून तपासून सही घ्यायची, तोंडी परीक्षेला परीक्षक काय विचारतात, अंतर्गत गुण कशावर मिळतात, या गोष्टी आपल्या मुलांना अकरावीपासून माहीत असतात आणि परदेशी विद्यार्थ्याला सबमिशनच्या आदल्या दिवशी कळतात.

सणांचा विषय तर कधी संपतच नाही, आणि इथे नाशिकचे वेगळेपण कामी येते. होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळा भारत रंग खेळतो, असे वाचून आलेले विद्यार्थी धुळवडीला जुने कपडे घालून तयार होतात. शहरात त्या दिवशी वीरांची मिरवणूक असते. रंगाची खरी धूम रंगपंचमीला, जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडींवर, म्हणजे जमिनीत बांधलेल्या रंगाच्या हौदांवर. हे सांगायला आमच्या गटातल्या जुन्या नाशकात वाढलेल्या मुलाला एक तास पुरला नाही. रहाड वर्षभर बुजवून का ठेवतात, तिची पूजा कशी होते, त्या पाण्यात उडी मारायची रीत काय, हे सांगताना तो ज्या वेगाने इंग्रजी बोलला, तसा तो वर्गात कधी बोललेला नव्हता.

सगळे विषय असे आनंदाचे नसतात. आपल्याकडे पहिल्या भेटीत वडील काय करतात, भावंडे किती, लग्न कधी, असे विचारणे ही आस्था असते; अनेक देशांतल्या मुलांना ती चौकशी वाटते आणि ती आक्रसतात. याउलट, आफ्रिकेतून आलेल्या मुलीच्या केसांना न विचारता हात लावणे, रस्त्यात थांबवून सेल्फी मागणे, यांत आपल्याला गंमत वाटते आणि तिचा मात्र दिवस खराब होतो. गटात हे दोन्ही बाजूंनी बोलले जाते, आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आपल्या मुलांना कोणत्याही सूचनापत्रकापेक्षा लवकर समजते. जातीविषयीही प्रश्न येतात. परदेशी विद्यार्थी वाचून आलेले असतात आणि आडनावांवरून लोक काय ओळखतात, असे ते सरळ विचारतात. सूत्रधाराने असा प्रश्न टाळू नये. उत्तर द्यायचे की नाही, हे मात्र ज्याला विचारले त्याच्यावर सोडावे.

त्याहून गंभीर गोष्ट रंगावरून मिळणाऱ्या वागणुकीची. फोनवर खोली द्यायला तयार असलेला घरमालक विद्यार्थ्याला समोर पाहिल्यावर खोली गेल्याचे सांगतो. चौकात टोळक्यातून नावे ठेवली जातात. हे आपल्या शहरात घडते आणि ते आपण मान्य केले पाहिजे. संवादगट हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यासाठी संस्थेने घरमालकांशी स्वतः बोलले पाहिजे आणि तक्रारींची तातडीने दखल घेतली पाहिजे. रॅगिंगची तक्रार कुठे करायची, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत तक्रार समिती कुठे भेटते, पोलिसांकडे जायचे असेल तर सोबत कोण येईल, हे प्रत्येक सूत्रधाराला माहीत असावे. गट आहे म्हणून तक्रारीची यंत्रणा सैल करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एका बाबतीत मी आग्रही आहे. गटात बोललेले कार्यालयापर्यंत जाऊ नये आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या उपस्थितीला गुण किंवा सक्ती जोडू नये. या मुलांचे इथले वास्तव्य कागदांवर अवलंबून असते. आपण काही नाराजीचे बोललो तर नोंदणीत किंवा व्हिसाच्या मुदतवाढीत अडचण येईल, अशी धास्ती त्यांच्या मनात असते. म्हणून ज्या व्यक्तीकडे त्यांची कागदपत्रे असतात, ती गटाची सूत्रधार नसावी. जिवाला धोका असल्याखेरीज कोणाचेही बोलणे बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

वैद्यकीय, परिचारिका आणि औषधनिर्माण शाखांच्या संस्थांना वेगळे सांगावेसे वाटते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे, त्यामुळे इथे घालून दिलेला पायंडा राज्यभर जाऊ शकतो. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेला जागा दिली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण वॉर्डात येणारा रुग्ण पुस्तकी मराठी बोलत नाही. बागलाण-मालेगावकडचा माणूस अहिराणीत दुखणे सांगतो, सुरगाण्याची आजी कोकणा बोलीत सांगते, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कामगार भोजपुरी वळणाच्या हिंदीत. परगावचे मराठी विद्यार्थीही इथे गडबडतात. अशा संस्थांतील गटांमध्ये त्या त्या भागातल्या मुलांना आवर्जून घ्यावे आणि रुग्णाशी बोलण्याचा सराव तिथे करून घ्यावा.

खर्चाचा प्रश्न फारसा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते; स्थानिक विद्यार्थ्यांनी गटाला दिलेला वेळ त्यात धरावा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एखादी खोली संध्याकाळी पुरेशी असते. परिसराबाहेरची जागा मिळाली तर अधिक चांगले, कारण तिथे विद्यार्थी मोकळे होतात. १८४० पासून नाशिककरांना वाचायला बसवणारे सार्वजनिक वाचनालय आणि कुसुमाग्रजांच्या नावाने उभे असलेले स्मारक यांच्याशी आपण संस्था म्हणून बोललात, तर व्यक्ती म्हणून आमच्यासारख्यांनी विचारण्यापेक्षा त्याला अधिक वजन येईल. सूत्रधार म्हणून निवृत्त शिक्षक आणि प्राध्यापक या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेकांना असे काम हवेच आहे.

आमच्याकडे विद्यार्थीच मोजके आहेत, असे काही संस्था म्हणतील. संख्या कमी असेल तिथे एकटेपणा जास्त असतो, म्हणून जवळच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक गट करावा. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्या गर्दीत, बदललेल्या वाहतुकीत आणि सुट्ट्यांच्या गोंधळात या मुलांना काय चालले आहे हे सांगणारे कोणी तरी तोपर्यंत ओळखीचे झालेले असावे.

तेव्हा माझी मागणी इतकीच आहे. प्रत्येक संस्थेने एका शिक्षकाची संवादगटाचे समन्वयक म्हणून लेखी नेमणूक करावी, परदेशी विद्यार्थ्यांना आणि इच्छुक स्थानिक विद्यार्थ्यांना एकत्र बोलावून वार व वेळ त्यांनाच ठरवू द्यावी, आणि पहिली बैठक दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यावी. सुट्टीत मेस कधी बंद राहणार आहे, याची सूचना या वर्षी इंग्रजीतही लावावी. सूत्रधारांच्या तयारीसाठी आमच्या गटातले आम्ही चार-पाच जण आपल्या सोयीच्या दिवशी आपल्या महाविद्यालयात येऊन बसायला तयार आहोत. त्यासाठी कोणत्याही मानधनाची अपेक्षा नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
नाशिकमधील एक निवृत्त प्राध्यापिका